चार बोटं मागे

उंद्री, ता. चिखली
२४ ऑक्टोबर २०१७

आदरणीय गनीचाचा,

सलाम. मी उकंडरावांची अश्विनी. मागच्या आठवड्यात बाबांसोबत बुलढाण्याला तुमच्या स्टुडिओत आले होते. निघताना तुम्ही बजावलं होतं, फोन करू नको, पत्र लिही. "बुलढाण्यात रेल्वे नाही, पण फोन कानाले लावला का माह्या डोक्यात गाडी चालते." म्हणून हे पत्र. बी.ए.ला पत्रलेखन परीक्षेपुरतं केलं. कोणाला खरं पत्र पहिल्यांदाच लिहिते आहे.

तुमची लेन्स चालते. पुण्याच्या डॉक्टरांनी आमच्या संस्थेला हा डिजिटल कॅमेरा दिला आणि त्याची लेन्स स्वतःकडे ठेवून घेतली, तेव्हा संस्था चालवणारे उत्तमराव सर म्हणाले होते, "गाडी दिली, चाकं ठेवून घेतली." आता तुमच्या जुन्या रशियन कॅमेऱ्याची लेन्स, मधे तुम्ही बसवलेलं पितळी कडं आणि मागे हा नवा कॅमेरा, असं तिघांचं जमलं आहे. कॅमेऱ्याच्या खिडकीतून एकाच वस्तूच्या दोन आकृत्या दिसतात. रिंग फिरवून त्या एकीवर एक आणायच्या, म्हणजे नेम बसला. हे मला आता जमतं. ऊन असलं की कापसाचं पांढरं सगळीकडे पसरतं, म्हणून तुम्ही सांगितलं तसं फिल्मच्या डबीचं काळं टोपण कापून लेन्सच्या तोंडाला लावलं.

दूरचं फार छान येतं. मी म्हटलं होतं ना, मला सगळं शिवार दिसलं पाहिजे? कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळी पार नाल्यापर्यंत मोकळ्या दिसतात. तीन प्रिंट पाठवते आहे.

अडचण बायकांची आहे. वेचणीवाल्या बायका फोटोला उभ्याच राहत नाहीत. त्याचं कारण पंचफुलाकाकू. मागच्या वर्षी रस्त्यावरून कोणीतरी लांबच्या लेन्सनं त्यांचा फोटो काढला आणि तो पेपरात आला, खाली "कपाशीनं हिरावला कुंकवाचा धनी". काकूंचे धनी इंद्रभानकाका तेव्हा विहिरीमागे बकऱ्या चारत होते! चौथ्या दिवशी धाड गावाहून काकूंचे भाऊ दुखवट्याचं लुगडं घेऊन आले. ओसरीवर इंद्रभानकाका भाकर खात बसलेले. त्यांनीच उठून पाहुण्यांना पाणी दिलं.

गाव अजून हसतं. काकू हसत नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "बोंडाचा काढ, अळीचा काढ. माह्य तोंड नाही."

यंदा गुलाबी बोंडअळीनं जे केलं आहे ते लोकांना दिसलं पाहिजे, चाचा. बीटी बियाण्याच्या पिशवीवर भरवसा ठेवून सगळे बसले आणि बोंडं आतून पोकळ निघाली. सर त्यावर पुस्तिका काढत आहेत. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात आमदारांच्या हातात द्यायची आहे. फोटो सगळे माझे असतील. मला हे काम नीट करायचं आहे.

तुमची,
अश्विनी

*

बुलढाणा
२९ ऑक्टोबर

बेटा अश्विनी,

दुवा. तुझ्या तिन्ही फोटोत जमीन सरळ आहे. तुझ्या बापाच्या लग्नात मी काढले त्या फोटोत मांडव वाकडा आहे. त्यानं अजून तक्रार केली नाही, तूही करू नको.

एक गोष्ट मी त्या दिवशी सांगितली, पण तू क्रांती करायच्या घाईत होती. ही लेन्स या कॅमेऱ्याच्या मापाची नाही. दोघं एका मायचे दिसतात, पण गोत्र येगळं. लेन्सच्या पोटात एक पातळ चकती असते. चकती ठेवली का जवळचं बरोबर येते आणि दूरचं ढिलं पडते. तू म्हटलं शिवार पाह्यजे, म्हणून मी चकती काढून घेतली. आता दूरचं पक्कं आहे, पण हातभर अंतरावर जाशील त नेम चार बोटं मागं पडन. खिडकीत तुले बरोबर दिसन, फोटोत मात्र तू नेम धरला ते धुकट आणि त्याच्या मागचं साफ. दोन्ही पाह्यजे म्हणशील त अर्ज वर कर, माह्याकडं नाही.

जवळचं काम असलं त इकडं ये. चकती माह्या डबीत आहे. तवर बोंडापासून दूर राह्य.

तुझ्या पंचफुलाबाईचा किस्सा वाचून नात गुलनाज इतकी हसली का चहा सांडला. मग म्हणे, "दादा, हसायचं नव्हतं."

तुझा,
अब्दुल गनी

*

उंद्री
५ नोव्हेंबर

आदरणीय चाचा,

तुमचं पत्र दोन दिवस उशिरा मिळालं. तोवर मी बोंडाच्या जवळ जाऊन आले होते.

त्याचं असं झालं. नाल्याकाठच्या पट्टीत काकू वेचत होत्या. त्यांनी एक किडकं बोंड तोडलं, उकललं आणि आत अळी आहे का ते पाहायला अगदी डोळ्याजवळ नेलं. मी म्हटलं, "काकू, तसंच धरा, बोंडाचा घेते." त्या म्हणाल्या, "घे बापा, पटकन. ऊन तुह्या बापाचं नाही." मी बोंडावर नेम धरला, दोन आकृत्या बरोबर एक केल्या आणि फोटो घेतला. कॅमेऱ्यामागच्या बोटभर पडद्यावर सगळं ठीक दिसलं.

संस्थेच्या कॉम्प्युटरवर मोठं करून पाहिलं तर तुम्ही लिहिलं तसंच. बोंड म्हणजे धुक्याचा गोळा. आणि त्याच्या मागे, चार बोटांवर, काकूंचे डोळे. पापणीचा केस न् केस दिसतो. कपाळाच्या आठीत अडकलेली पऱ्हाटीची काडी दिसते. डोळे बारीक केलेले, ओठ घट्ट. मी असा फोटो आजवर पाहिला नव्हता, काढणं तर लांबच.

उत्तमराव सर मागे येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "कव्हर. दुसरं काही नको. सगळं वऱ्हाड या डोळ्यात आहे." चाचा, मला रात्रभर झोप आली नाही, आनंदानं. केवढं दुःख आहे त्या नजरेत! जे आम्ही चाळीस पानं लिहून सांगतो आहोत ते एका फोटोत आलं.

काकूंना अजून सांगितलं नाही. फोटो घ्या असं त्याच म्हणाल्या होत्या, त्यामुळे परवानगी आहेच म्हणायची. चेहरा काही मी मुद्दाम घेतला नाही, लेन्सनं घेतला. आणि हे शेवटी त्यांच्यासाठीच चाललं आहे.

प्रिंट पाठवते. तुम्हाला काय वाटतं ते कळवा.

तुमची,
अश्विनी

*

बुलढाणा
१० नोव्हेंबर

बेटा,

फोटो उमदा आहे. पयले हे लिहून घेतो, म्हणजे पुढचं वाचून तू रुसणार नाही.

तू म्हणते दुःख. मले त वाटते बाई हसू दाबून राह्यली. गुलनाजनं पाह्यलं, ती म्हणे, "राग आहे. कोणाले तरी झापणार आहे आता." सून गुलनार म्हणे डोयात कचरा गेला असन. एका फोटोत चार जणाइले चार गोष्टी दिसल्या आणि बाई तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहते. तिले इचार ना.

लेन्सनं चेहरा घेतला म्हणतेस. लेन्स काय चालत गेली व्हती वावरात?

माह्या वालिदनं स्टुडिओ काढला तवापासून एक कायदा आहे. गिऱ्हाइकाचा फोटो दुकानाच्या काचेत लावायचा असला त आंधी त्याच्या हातात द्यायचा. तो हो म्हणन त लावायचा. एका पाटलानं मले नाही म्हटलं, कारण फोटोत त्याचा कान मोठा दिसत व्हता. कान मोठाच व्हता! पण नाही म्हणजे नाही. काच रिकामी ठेवली.

प्रिंट वापस पाठवतो. तिच्या हातात दे.

अब्दुल गनी

*

उंद्री
१५ नोव्हेंबर

आदरणीय चाचा,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस रागात होते. मग प्रिंट घेऊन गेले, आणि बरं केलं. काकू हो म्हणाल्या!

मी आधीच सगळं सांगून टाकलं. बोंडाचा घ्यायला गेले, चेहरा आला, सर पुस्तिकेच्या कव्हरवर टाकायचं म्हणतात. वाटलं होतं चुलीत घालतील. त्या ओसरीवर आल्या, प्रिंट उन्हात धरली, लांब धरली, जवळ आणली.

"लुगडं कोणतं व्हतं व त्या दिवशी? हिरवं का?"

"हिरवंच, काकू."

"डोक्यावर पदर हाय?"

"आहे."

"दात त नाही दिसून राह्यले?"

"नाही, तोंड बंद आहे."

"मंग काय बिघडलं? छाप." आणि मागे बकरीला दावं बांधत असलेल्या इंद्रभानकाकांना ओरडून म्हणाल्या, "आयकलं का? यंदा तुमाले नाही मारत म्हणते."

काका म्हणाले, "मारा हो. मागच्या वक्ताले लुगडं तरी भेटलं."

मी खूप हसले. तुमचा कायदा पाळला आणि काम होऊनही गेलं. माणसांवर विश्वास ठेवला की माणसं साथ देतात, हे मला पुन्हा पटलं. सोमवारी सर फाइल अकोल्याला छापखान्यात पाठवणार आहेत.

तुमची,
अश्विनी

*

बुलढाणा
१८ नोव्हेंबर

अश्विनी,

हे पत्र बसच्या कंडक्टरजवळ देतो, पोस्टाची वाट पाहू नको म्हणून.

फोटो हातात असल्यावर माणूस लुगडं कोणतं व्हतं ते इचारत नाही, पाह्यते. पदर आहे का, दात दिसते का, हे सारे सवाल तिनं तुले काऊन केले? मले मोतीबिंदू झाला व्हता तवा मी बी असेच करो. गिऱ्हाईक फोटो दाखवे आणि मी म्हणो, "वा, कोट कोणता आहे हा?" म्हणजे तोच सांगे आणि मी मान हलवो.

मले वाटते तिले दिसत नाही. तिनं हो म्हटलं ते तुले म्हटलं, फोटोले नाही.

माह्य चुकतही असन. पण सोमवारच्या आंधी जाऊन ये.

अब्दुल गनी

*

उंद्री
२५ नोव्हेंबर

आदरणीय चाचा,

तुमचं चुकलं नाही.

रविवारी सकाळी गेले. कसं विचारावं कळेना, म्हणून मोबाइलमधला बकरीचा फोटो पुढे धरला आणि म्हटलं, "काकू, हा तुमचा कसा आला?" त्या म्हणाल्या, "बरा हाय. पदर नीट हाय ना?"

माझा चेहरा त्यांना दिसला नसावा, पण माझं गप्प बसणं कळलं. हातातली सुपली खाली ठेवून म्हणाल्या, "परीक्षा घेऊन राह्यली काय माह्यी, मास्तरीणबाई?"

मी माफी मागितली. मग त्यांनी सांगितलं. उजव्या डोळ्यानं पोळ्यापासून नुसता उजेड कळतो. डाव्यानं चार बोटांवर आणलेलं तेवढं अंधुक दिसतं. म्हणून बोंड त्या डोळ्याजवळ नेत होत्या. दुःख नव्हतं, चाचा. हसू नव्हतं, रागही नव्हता. त्यांना अळी दिसत नव्हती, म्हणून त्या डोळे बारीक करत होत्या.

मी विचारलं, कोणाला सांगितलं का नाही. त्या चिडल्या. "कोणाले सांगू? हाताच्या सवयीनं वेचतो मी. आंधयीच्या कापसात पालापाचोळा येते म्हणतीन, मंग कोन बोलावन वेचाले? घरी बसून काय आमच्या मालकाचं तोंड पाहू? तेबी दिसत नाही."

"मग फोटोला हो का म्हणालात?"

"तू इतकी खुशीत बोलत व्हती. म्हटलं, पोरगी शिकली हाय, चांगलंच असन."

हे वाक्य घेऊन मी घरी आले. आमच्या घरात शिकलेली मी पहिली. त्या वाक्याचा आजवर मला अभिमान वाटत आला आहे.

दुपारी चिखलीला सरांकडे गेले आणि म्हटलं, कव्हर थांबवा. सर वाईट माणूस नाहीत, चाचा, पण ते वैतागले. "तिनं हो म्हटलं ना? तुझ्यासमोर म्हटलं ना?" मी म्हटलं, न पाहता म्हटलं. सर म्हणाले, "उलट हे किती मोठं आहे बघ. जिला अळी दिसत नाही ती बाई अळी शोधते आहे. अगं, हे तर आणखी चांगलं झालं." मला त्या क्षणी ते खरंच वाटलं, आणि मग स्वतःची लाज वाटली. मी म्हटलं, "सर, हा डोळ्याचा आजार आहे. बरा होतो."

बराच वाद झाला. शेवटी ठरलं ते असं. आतली पानं छापायला जातील. कव्हर पाच डिसेंबरपर्यंत थांबेल, त्यानंतर नागपूर गाठता येणार नाही. तोवर काकूंना फोटो दिसला आणि त्या हो म्हणाल्या तर तोच फोटो. नाही म्हणाल्या तर माझ्या हातून कॅमेरा जाईल. सर पुढच्या कामाला अमरावतीचा फोटोग्राफर घेणार आहेत. "तुझं मन चांगलं आहे, पण अशानं पुस्तिका निघत नाहीत," असं ते म्हणाले.

म्हणजे आता त्या हो म्हणाव्यात असं मला फार वाटतं. हेही तुम्हाला सांगून टाकते.

काकूंना ऑपरेशनला तयार करणं बाकी आहे. बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात गुरुवारी करतात असं कळलं. डोळ्यात सुई घालतात म्हणून त्या घाबरल्या आहेत. तुमचं झालेलं आहे. दोन शब्द लिहाल का? मी वाचून दाखवीन.

तुमची,
अश्विनी

*

बुलढाणा
२७ नोव्हेंबर

पंचफुलाबाईले अब्दुल गनीचा सलाम.

बाई, तुमची माझी ओळख नाही, पण तुमचा फोटो आमच्या घरात सगळ्यांनी पाह्यला आहे, म्हणून ओळख असल्यासारखीच आहे.

माह्ये दोन्ही डोये कापले. सुई डोयाच्या बाजूले टोचतात, मुंगी चावल्यासारखी. मंग काहीच कळत नाही. डॉक्टर मधे गाणं गुणगुणत व्हता, तेवढा तरास झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि मले कळलं का माह्य घर किती मळकं आहे. सुनेनं तीन दिवस माह्यासंगं बोलणं सोडलं.

दवाखान्यातून आमच्याकडं या. दोन दिवस राहा. आमच्या घरचं जेवण चालत असलं त गुलनार करन. नसन चालत त शेजारच्या तानाबाईले सांगून ठेवलं आहे, ती डबा देईन. लाजू नका, दोन्ही घरचं मीठ चांगलं आहे.

फोटोचं तिथं काही नाव काढणार नाही कोणी. अश्विनीले बी सांगतो, हो म्हणा म्हणून मागं लागायचं नाही. दिसलं का मंग पाहा, मंग बोला.

अब्दुल गनी

*

उंद्री
८ डिसेंबर

आदरणीय चाचा,

आम्ही सुखरूप पोचलो. तुम्ही त्या दुपारी नमाजला गेलात आणि आमची बस सुटायची वेळ झाली, त्यामुळे शेवटचा भाग तुम्हाला कळलाच नाही. गुलनाजनं थोडं सांगितलं असेल. मी सगळं लिहिते.

पट्टी काढल्यावरही चार दिवस काकूंनी फोटोचं नाव काढलं नाही. तुम्ही बजावलं होतं म्हणून मीही काढलं नाही. पिशवीतल्या प्रिंटवर माझा हात सारखा जायचा. गुलनारभाभीच्या हातचं जेवण त्यांना चाललं एवढंच नाही, दुसऱ्या दिवशी "काल व्हती ते डाळ पुन्हा कर" म्हणून मागून घेतलं. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तू इतकी काळी कधी झाली व? उन्हात त मी राहतो." गुलनाजला म्हणाल्या, "आवाजावरून मोठी वाटत व्हती, तू त लेकरू हाय."

निघायच्या आधी त्याच म्हणाल्या, "आण तो. पाह्यतो."

तुमच्या दुकानातल्या बाकावर बसून त्यांनी काळा चष्मा वर केला आणि फोटो पाहिला. गुलनाज आणि मी भिंतीला टेकून उभ्या. त्यांनी आधी फोटोतल्या डोळ्याजवळ बोट नेलं, टेकवलं नाही. मग कपाळावरची काडी दिसली तर आपल्या कपाळाला हात लावून पाहिला. पाच तारीख होती. सर संध्याकाळपर्यंत फोनची वाट पाहणार होते.

"फोटो चांगला काढला तू," त्या म्हणाल्या.

सरांना कळवायला मी मोबाइल काढला.

"पण नोको छापू."

गुलनाजनंच विचारलं, "काऊन, काकू?"

"ही बाई चाचपडून राह्यली. मी आता चाचपडत नाही." मग फोटो मांडीवर पालथा ठेवून म्हणाल्या, "आणि अश्विने, तोंडाचा नाही काढायचा असं मी सांगितलं व्हतं. तेव्हा मले दिसत नव्हतं, पण ध्यानात त व्हतं."

चाचा, जी परवानगी मी मागत होते ती त्यांनी पहिल्याच दिवशी नाकारली होती. त्यानंतरची माझी सगळी धावपळ ते 'नाही' पुन्हा ऐकण्यासाठी झाली.

मी बाहेर जाऊन सरांना फोन केला. म्हटलं, पंचफुलाबाईंनी फोटो पाहिला, त्या नाही म्हणाल्या. सर म्हणाले, "बरं." मग विचारलं, "ऑपरेशन नीट झालं ना?" पुस्तिका नुसत्या अक्षरांच्या कव्हरची निघाली. तुम्हाला एक प्रत पाठवते. आत शिवाराचे फोटो आहेत, दूरचे. ते चांगले आले आहेत. कॅमेरा काल परत केला. सरांनी मला सर्वेक्षणाच्या कामावर ठेवलं आहे, घरोघर जाऊन विचारायचं.

संस्थेतली फाइल मी सरांसमोर पुसून टाकली. प्रिंट काकूंनी मागितली नाही आणि मीही ठेवली नाही. त्यांना विचारून तुमच्या दुकानातच फाडली. तुकडे गुलनाजकडे दिले होते.

लेन्स या पत्रासोबत पार्सलमध्ये आहे, कड्यासकट. टोपणही ठेवलं आहे.

परत येताना बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली होती. काकूंनी मला उठवलं आणि तिथे स्वतः बसल्या. म्हटलं, रस्त्यात बोलू, माफी नीट मागू. पण चिखली येईपर्यंत त्यांनी माझ्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही. बाहेर तुरी होत्या, वीटभट्ट्या होत्या, खरडून नेलेली कपाशीची वावरं होती. त्या सगळं पाहत होत्या.

तुमची,
अश्विनी